मेरूपासून वडवामुखापर्यंत

नकाशा उघडला, कीं मुलें विचारतात, “ह्या उभ्या रेघा जमिनीवर कोठें दिसतात?” दिसत कोठेंच नाहींत, परंतु एका रेघेवरील सर्व गांवांस मध्याह्न एकाच क्षणीं होतो, हेंच रेखावृत्ताचें मर्म होय.

आपल्या ज्योतिष्यांनीं मध्यरेखा मानिली ती उज्जयिनीची. सूर्यसिद्धांताप्रमाणें ती लंकेहून निघून अवंती, रोहितक व कुरुक्षेत्र यांवरून मेरूस, म्हणजे उत्तर ध्रुवास, जाते. दक्षिण ध्रुवास आर्यभट वडवामुख म्हणतो.

आजच्या मापनानें उज्जयिनीचे पूर्व रेखांश ७५ अंश ४६ कला आहेत. ही रेघ उत्तर ध्रुवाहून गोठलेला समुद्र, सैबेरिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, सिंक्यांग व काराकोरम ओलांडून किश्तवाडजवळ येते. पुढें जयपूर, उज्जयिनी, भुसावळ व बीड तिच्या लगत लागतात, आणि कालिकतपाशीं ती भूमि सोडते. विषुववृत्तावर जेथें सिद्धांतांतील लंका असावयाची, तेथें आज केवळ पाणी आहे. कालिकतपासून अंटार्क्टिकापर्यंत, सुमारें साडेपांच हजार मैल, एकही बेट तिच्या वाटेंत नाहीं.

कुरुक्षेत्र मात्र ह्या रेघेवर नाहीं. तें एक अंशाहून किंचित् अधिक पूर्वेस आहे. अक्षांश शंकूच्या छायेवरून एके ठिकाणीं बसून काढतां येतात. रेखांशांस दोन ठिकाणचे काळ एकाच क्षणीं ताडून पाहावे लागतात. त्यासाठीं सूर्यसिद्धांतानें चंद्रग्रहणाची युक्ति सांगितली आहे. ग्रहण सर्वांस एकाच क्षणीं लागतें. स्थानिक वेळेंत जो फरक पडेल, तेंच रेखांतर. एका अंशास चार मिनिटें, म्हणजे दहा पळें. भूछायेची कडा अंधुक आणि हातीं घटिकापात्र. तेव्हां चूक अकरा पळांची राहिली. ती झांकण्यांत पूर्वजांचा गौरव नाहीं. त्यांची रीत निर्दोष होती, हें मुलांस चुकीसकटच सांगावें.

आतां रेघेचें दक्षिण टोंक पाहा. तेथें अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर इ. स. २०१२ पासून भारताचें ‘भारती’ हें संशोधनकेंद्र आहे. उज्जयिनीच्या रेघेपासून अवघें दहा मैल पूर्वेस! हिवाळ्यांत तेथें कित्येक आठवडे सूर्य उगवत नाहीं; तरी मध्याह्नाचा क्षण जवळजवळ उज्जयिनीचाच.

आपल्या घड्याळांत १२ वाजून २७ मिनिटें झालीं, कीं ह्या रेघेवर सरासरीनें मध्याह्न होतो; ऋतुमानाप्रमाणें कांहीं मिनिटें मागेंपुढें. भुसावळ-बीडकडील वाचकांनीं अंगणांत काठी रोवून मुलांकडून आंखूड छाया मोजवून घ्यावी. न दिसणारी रेघ त्यांस तेथें दिसेल.