निर्वाहभत्ता आणि नागरिकत्वाचा हक्क

1983 सालच्या जुलैमध्ये श्रीलंकेत तमिळांच्या शिरकाणाचा वणवा पेटला आणि हजारो कुटुंबांनी जीव मुठीत धरून तामिळनाडूचा किनारा गाठला. त्यास चार दशके उलटली. छावणीत जन्मलेल्यांना मुले झाली. तरीही शंभरावर छावण्यांतील हे श्रमिक कायद्याच्या दृष्टीने परकेच राहिले आहेत.

27 ऑगस्ट 2021 रोजी चेन्नईत विधानसभेपुढे राज्य सरकारने या निर्वासितांसाठी 317 कोटी 40 लाख रुपयांची योजना मांडली. 7,469 घरे नव्याने बांधण्याचे ठरले. कुटुंबप्रमुखाचा मासिक भत्ता 1,000 वरून 1,500, इतर प्रौढांचा 750 वरून 1,000 आणि मुलांचा 400 वरून 500 रुपये झाला. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु चौघांच्या कुटुंबास मिळणारे हे 3,500 रुपये म्हणजे माणशी दिवसाला तीस रुपयेही नव्हेत. तांदूळ वेगळा मिळतो हे मान्य करूनही प्रश्न उरतोच.

कारण मूळ दुखणे रकमेचे नसून दर्जाचे आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी बांधवांना या देशाने नागरिक मानले. 1949 साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने मात्र धर्माची चाळणी लावली आणि श्रीलंकेला यादीतून वगळले. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने 9 जानेवारी 2015 पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना विदेशी व्यक्तींविषयक कायद्यातील शिक्षेतून सूट दिली. शिक्षा टळली, हक्क मात्र मिळाला नाही.

हक्क देताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. निर्वासिताचा भत्ता एका खात्याकडून, तर नागरिकाची शिधापत्रिका, रोजगार हमी व वृद्धांचे निवृत्तिवेतन दुसऱ्या खात्यांकडून मिळते. नागरिकत्वाचा कागद हाती पडताच भत्ता थांबला आणि पुढची कागदपत्रे महिनोन्‌महिने रखडली, तर न्यायाच्या नावाने उपासमारच पदरी येईल. म्हणून नवे लाभ प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जुना भत्ता चालू ठेवण्याची तरतूद कायद्यातच असली पाहिजे, आणि तिचा भार केंद्राने उचलला पाहिजे.

श्रमिकाला दयेवर जगवणे हे राज्यकर्त्यांना सोयीचे असते. हक्क मागणारा माणूस त्यांना अडचणीचा वाटतो. छावणीतील मजूर आणि छावणीबाहेरील मजूर यांचे हितसंबंध एकच आहेत. हे ओळखून कामगार चळवळीने ही मागणी आपली मानावी.