संकल्पाला औषधाची जोड

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन पाळला जातो. शाळा-महाविद्यालयांतून शपथा दिल्या जातात, फलक लागतात, व्याख्याने होतात. त्या व्याख्यानांचा सूर बहुधा एकच असतो : मनोनिग्रह करा, व्यसन सुटेल. व्रत आणि संयम यांना मान देणाऱ्या आपल्या संस्कारांतून हा सूर आला आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ‘मनात आणलेस तर एका दिवसात सोडशील’ हे वाक्य ज्या घरात रोज ऐकवले जाते, तेथील माणूस सिगारेट सोडत नाही. तो ती चोरून ओढू लागतो. कार्यक्रमाला येण्याआधी तोंडात वेलदोडा टाकणारे कार्यकर्ते कुणाला ठाऊक नाहीत?

धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि तेथील विशिष्ट ग्राहक पेशीस्थानांना उत्तेजित करते. पुढे मेंदूला त्याची सवय जडते व ते न मिळाल्यास चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो. ही तलफ शरीराची आहे. मधुमेह्याच्या हातातली गोळी पाहून त्याला कुणी दुबळ्या मनाचा म्हणत नाही. मग येथेच औषधाची लाज का वाटावी?

या कामासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी दोन प्रमुख औषधे आहेत. ब्युप्रोपिऑन हे मुळात नैराश्यावरचे. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांना ते वर्ज्य. दुसरे व्हॅरेनिक्लीन. निकोटीनच्या जागी ते स्वतःच जाऊन बसते. त्यामुळे तलफ मंदावते आणि झुरका घेतला तरी पूर्वीचे सुख लाभत नाही. साधारणतः सोडण्याच्या ठरलेल्या दिवसाआधी आठवडाभर ते अल्प मात्रेत सुरू करतात आणि एकूण बारा आठवडे देतात. मळमळ व विचित्र स्वप्ने हे त्याचे नेहमीचे उपद्रव.

या औषधाविषयी एक भीती अजून रेंगाळते आहे. मनोविकार व आत्महत्येच्या विचारांच्या शंकेमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ साली त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा छापण्यास लावले. पुढे आठ हजारांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली, तीत तसा लक्षणीय धोका आढळला नाही आणि २०१६ च्या अखेरीस तो इशारा काढण्यात आला. तरीही मनोविकाराचा पूर्वेतिहास असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये. त्याच चाचणीत व्हॅरेनिक्लीन घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे बावीस जण चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगारेटपासून दूर राहिले. औषधाविना नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी नऊ. बावीस हा आकडा पाहून नाक मुरडणाऱ्यांनी नऊकडेही पाहावे. समुपदेशन दोन्ही गटांना मिळाले होते, हेही ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही दोन्ही औषधे आपल्या अत्यावश्यक यादीत घेतली.

काही मंडळी चरकसंहितेतील धूमपानाचा दाखला देऊन सिगारेटचे समर्थन करतात. ते धूमपान औषधी वनस्पतींच्या वर्तीचे आहे. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आली. चरकाला ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. उलट व्हॅरेनिक्लीनची मूळ कल्पनाच एका वनस्पतीतून आली. युरोपातल्या लॅबर्नम वृक्षातील सिटिसिन नावाचे द्रव्य बल्गेरियात १९६० च्या दशकापासून याच कामासाठी वापरात आहे. (आपल्या बहाव्यालाही इंग्रजीत ‘इंडियन लॅबर्नम’ म्हणतात, पण तो वृक्ष अगदी वेगळा. कुणी त्याच्या शेंगांवर प्रयोग करू नयेत.)

घरच्यांनी काय करावे? गोळ्या सुरू असताना माणूस एखाद्या दिवशी घसरला तर उपहास करू नये. पुन्हा तारीख ठरवून द्यावी. ओळखीच्या औषध दुकानदाराकडून चिठ्ठीवाचून गोळ्या आणू नयेत. १८००-११-२३५६ या केंद्र सरकारच्या निःशुल्क दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते.

मात्र बारा आठवड्यांच्या गोळ्यांचा खर्च नोकरदाराला झेपला, तरी विडी ओढणाऱ्या हमालाला झेपणारा नाही. तंबाखूच्या करातून शासनाच्या तिजोरीत मोठी रक्कम जमा होते. त्यातला काही वाटा जिल्हा रुग्णालयांत ही औषधे विनामूल्य देण्यासाठी का राखून ठेवला जात नाही, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या लोकप्रतिनिधींना अवश्य विचारावा.