आठशे रुपयांचा निकाल

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज होतं, दोन शनिवार त्यातच गेले. आज मात्र लिहायचंच असं ठरवलं, कारण डोक्यात एक गोष्ट अडकून बसलीय आणि ती बाहेर काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

आमचं घर अमरावतीचं, ताई दिली अकोल्याला, जठारपेठेत. मागच्या आठवड्यात रात्रीची ट्रॅव्हल्स धरून अकोल्याला गेलो, तर दारातच भाची उभी. वय वर्षे आठ. उजव्या मनगटाला प्लास्टर. भाऊजींनी दिवाळीत तिला स्केटबोर्ड घेऊन दिला होता. खेळण्यांच्या दुकानातून, आठशे रुपयांना, वर कार्टूनचं चित्र. गल्लीतल्या सिमेंट रोडवर तिसऱ्याच दिवशी चाकाखाली गिट्टीचा एक खडा आला. बोर्ड जागच्या जागी थांबला, पोरगी पुढे गेली. हात टेकला, मनगट गेलं.

घरात निकाल लागून मोकळा. ताई म्हणाली, "पुरे झालं हे खूळ. पोरीची जात आहे, हात वाकडा राह्यला म्हंजे?" भाऊजी म्हणाले, "मी तं आधीच म्हटलं होतं, पाहू खेळते का. खेळली असती तं चांगला घेतला असता." आणि भाची, जिने मला फोनवर महिनाभर भंडावून सोडलं होतं, ती खाली मान घालून म्हणाली, "मामा, मले नाही जमत ते."

मंडळी, माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. मनगट तीन-चार आठवड्यांत जुळेल. हे वाक्य जुळायला वेळ लागतो.

दुपारी सगळे झोपल्यावर मी तो बोर्ड उलटा करून पाना घेऊन बसलो. (इंजिनिअरला सुट्टीत दुसरं काय सुचणार!) चाकं कडक प्लॅस्टिकची. चाकाच्या आत बेअरिंग नाहीच, नुसती प्लॅस्टिकची नळी. बोर्ड ज्याच्यावर वळतो तो खालचा सांगाडा, ज्याला ट्रक म्हणतात, तोही प्लॅस्टिकचा आणि इतका घट्ट की मी उभा राहून झुकलो तरी हलेना. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. तिचं तेवीस. म्हणजे हा बोर्ड तिच्याच्याने वळणं शक्यच नव्हतं. आम्ही चाचणी घेतली बिघडलेल्या यंत्रावर आणि नापास केलं पोरीला!

"आधी स्वस्तातला घेऊ, आवडला तर चांगला घेऊ" हे वाक्य आपल्याकडे शहाणपणाचं समजलं जातं. सायकल, हार्मोनियम, बॅट, सगळीकडे चालतं. बॅटच्या बाबतीत ते थोडंफार खरंही आहे. फळी घेऊनही पोट्टे गल्लीत क्रिकेट शिकतात, कारण वाईट बॅट तुम्हाला पाडत नाही. स्केटबोर्डवर पोर स्वतः उभं असतं. तिथे स्वस्त वस्तू म्हणजे कमी प्रतीची वस्तू नव्हे, ती वेगळीच वस्तू आहे. ती आवड तपासत नाही, आवड मारते.

हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकात हेच झालं होतं. तेव्हाची चाकं धातूची किंवा मातीच्या मिश्रणाची. बारीक खडा आला की चाक अडायचं आणि पोरं तोंडावर पडायची. 1965 च्या सुमारास काही शहरांनी बंदी घातली आणि खेळ जवळजवळ मेला. तो परत उठला तो 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेनची चाकं बोर्डाला लावली तेव्हा. हे चाक खड्यावर थोडं दबतं आणि पुढे जातं. बस, एवढाच फरक. म्हणजे खेळण्यांचं दुकान आपल्याला आजही साठ वर्षांपूर्वीचा अपघात विकतंय, वर कार्टून चिकटवून.

आता माझाही गुन्हा कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पुण्यात बसून शहाणपणा शिकवतो. दिवाळीआधी भाऊजींनी मला विचारलं होतं. मी काय केलं? रात्रभर वाचून त्यांना एक लांबलचक मेल पाठवली. 101ए कडकपणाची चाकं, अमुक ग्रेडचं बेअरिंग, तमुक आकाराचा ट्रक, किंमत बारा हजार. भाऊजींनी ती वाचली, कपाळाला हात लावला आणि दुकानात जाऊन आठशेचा घेऊन आले. त्यात 101ए ची चाकं असतात पार्कमधल्या गुळगुळीत उतारांसाठी! अकोल्याच्या रोडवर ती त्या प्लॅस्टिकपेक्षा फार बरी वागली नसती. तेव्हा आठशेवाल्यांइतकाच दोष आम्हा बाराहजारीवाल्यांचाही आहे. दोघांनीही पोरगी आणि तिचा रस्ता पाहिलाच नाही.

तर रस्ता पाहून सांगतो. आपल्याकडे सिमेंट रोड, मध्ये आडवे सांधे, कडेला गिट्टी आणि रेती. म्हणून चाक मऊ पाहिजे, 78ए ते 87ए, आणि जरा मोठं, 54 ते 60 मिलिमीटर. नखाने दाबा, रबरासारखं किंचित दबल्यासारखं वाटलं पाहिजे. टकटक वाजलं तर प्लॅस्टिक, परत ठेवा. फळी सात थरांच्या मेपल लाकडाची, आठ-नऊ वर्षांच्या लेकरासाठी रुंदी साधारण सव्वासात ते साडेसात इंच. ट्रक धातूचाच. बेअरिंग 608 नंबरचं. आत 8, बाहेर 22, जाडी 7 मिलिमीटर. हे काही विलायती रत्न नाही, लहान मोटारीतही लागतं, बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगा. बेअरिंगवरच्या मोठमोठ्या ग्रेडसाठी जास्त पैसे मोजू नका. तो आकडा मशीनच्या अचूकपणाचा, तेवीस किलोच्या पोरीला त्याने काडीचा फरक पडत नाही.

आणि शेवटची परीक्षा: दुकानात लेकराला बोर्डावर उभं करा, हात धरा, झुकायला सांगा. बोर्ड वळला पाहिजे. नाही वळला तर ट्रकमधला मधला नट थोडा ढिला करायला सांगा. "बोर्डावर उभं नका राहू जी, खराब होईल" असं दुकानदार म्हणाला तर उत्तर मिळालं, घरी चला. असा बोर्ड तीन-चार हजारांत बसतो. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड वेगळे, आणि ते आधी. पैसे कमी पडले तर बोर्ड पुढच्या महिन्यात घ्या. स्कूटरचं हेल्मेट चालणार नाही, ते जड असतं आणि या खेळासाठी केलेलं नसतं.

"पण तीन हजार वाया गेले तर?" चांगला बोर्ड नंतर विकता येतो, शेजारच्या पोराला देता येतो. आठशेचा भंगारवालाही घेत नाही.

"पण आपल्याकडे जागा कुठे आहे?" मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं खेडं आहे. तिथे 2015 मध्ये सिमेंटचा स्केटपार्क झाला. नियम दोन: शाळेत गेलात तरच बोर्ड, आणि आधी मुली. अकोला नि अमरावती जनवारपेक्षा लहान आहेत का हो? पार्क होईल तेव्हा होईल, शिकायला एक सपाट पार्किंग आणि सकाळची सहा ते साडेसातची वेळ पुरते. उन्हाळ्यात त्यानंतर तसंही आपल्याकडे कोणी बाहेर पडत नाही.

"पण पोरीची जात..." ताई, टोकियोत 2021 मध्ये मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक घेणारी निशिया मोमिजी तेरा वर्षांची होती. आणि जपान लांब वाटत असेल तर 2022 च्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्ण घेतलंय.

खरं म्हणजे हे सगळं आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, ज्याचा चमू 1936 मध्ये बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आला. मल्लखांब शिकवताना पहिल्या दिवशी पोराला पोकळ खांब देतात का? "आधी पाहू चढतो का, मग सागवान आणू" असं कोणी वस्ताद म्हणतो का? खांब पहिल्या दिवसापासून पक्का, त्याला एरंडेल चोळलेलं, आणि पडला तर धरायला माणूस उभा. नवशिक्यालाच चांगलं साधन लागतं, कसलेला कशावरही चालवून नेतो. हे ज्या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं, त्या गावचा मी, मेल पाठवून मोकळा झालो.

संध्याकाळी भाचीला तो उघडलेला बोर्ड दाखवला. चाकातली नळी तिच्या डाव्या हातात दिली. म्हटलं, हे पाह्य, इथे गोळ्या फिरायला पाहिजेत. तिने नळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "म्हंजे हा फिरतच नव्हता?"

"नव्हता."

"मंग मले कसं येईन?"

हेच तर म्हणतोय मी! प्लास्टर पुढच्या पंधरवड्यात निघेल. ताई अजून नाहीच म्हणतेय, भाऊजी अर्धे आमच्याकडे आलेत. गार्ड आणि हेल्मेट मी काल घेतले. बोर्ड तिला दुकानात उभं करूनच घेऊ, आणि पहिला आठवडा रजा टाकून मी हात धरायला जाणार आहे. रिलीज गेलं खड्ड्यात.

असो. चहा गार झाला. तुमच्या घरी माळ्यावर असा एखादा बोर्ड पडला असेल तर आज काढा, उलटा करा, चाक फिरवून पाहा. आणि ज्याला तुम्ही "याला जमलं नाही" म्हणालात, त्या लेकराला बोलावून दाखवा.