बाकावरचे शहाणपण

क्रीडालेखनाला नायक लागतो आणि नायकाला आकडे. त्या हिशेबाने डेव्ह रॉबर्ट्‌सवर कोणी लेख लिहू नये. १९९४ साली अमेरिकन बेसबॉलच्या वार्षिक निवडीत अठ्ठाविसाव्या फेरीत उचललेला हा आउटफील्डर १९९९ ते २००८ या दहा हंगामांत पाच संघांचे पाणी प्याला. होमरन सारे मिळून २३. त्याच्यापाशी भांडवल एकच होते, वेग. पिचर चेंडू टाकत असताना पळत सुटून पुढचा बेस गाठायचा, म्हणजे ‘चोरायचा’. ही विद्या त्याने लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात असताना मॉरी विल्सकडून घेतली. विल्सने १९६२ च्या हंगामात १०४ बेस चोरले होते. तू पळणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल आणि तरीही तुला पळावे लागेल, असा दिवस येईल, अशा अर्थाचे विल्सचे सांगणे रॉबर्ट्‌सने पुढे अनेकदा उद्धृत केले आहे.

तो दिवस १७ ऑक्टोबर २००४ ला आला. यँकीजविरुद्धच्या मालिकेत बॉस्टन ०-३ असे मागे. चौथ्या सामन्यातही अखेरच्या, नवव्या डावात ३-४. समोर मारियानो रिवेरा. केविन मिलार पहिल्या बेसवर पोहोचताच त्याच्याऐवजी धावायला रॉबर्ट्‌सला पाठवले गेले. रिवेराने त्याला बाद करण्यासाठी पहिल्या बेसकडे तीनदा चेंडू फेकला. पुढच्याच चेंडूवर रॉबर्ट्‌सने दुसरा बेस चोरला आणि बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरीची धाव घेतली. बॉस्टनने तो सामना, पुढे मालिका आणि अखेर विजेतेपदही जिंकले. त्या अंतिम मालिकेत मात्र रॉबर्ट्‌सला एकदाही मैदानात उतरवले गेले नाही, आणि डिसेंबरात त्याची सॅन डिएगोला रवानगी झाली.

या प्रसंगाचे वर्णन सहसा धाडसाची कथा म्हणून केले जाते. मला तो प्रतीक्षेच्या श्रमाचा पुरावा वाटतो. बाकावर बसणे म्हणजे काही न करणे नव्हे. बोलावणे येईलच याची शाश्वती नसताना, आले तर क्षणात सिद्ध असणे, हे स्वतंत्र कौशल्य आहे. धावफलकावर त्याला रकाना नाही, एवढेच.

हे कौशल्य पुढे त्याच्या कामी आले, असे माझे मत आहे. २०१० मध्ये कर्करोगाशी झुंज दिल्यावर तो सॅन डिएगोत प्रशिक्षक झाला आणि २०१६ पासून डॉजर्सचा मॅनेजर. पाठीवर विल्सचाच ३० हा क्रमांक. श्रीमंत संघ हाताशी असल्यावर यशाचे कौतुक काय, हा आक्षेप रास्त आहे. २०२२ साली १११ सामने जिंकणारा त्याचा संघ बाद फेरीत सॅन डिएगोकडून हरला, तेव्हा पैसा पुरला नाही हेही तितकेच खरे. परंतु २०२५ च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना पाहावा. बराच काळ बाकावर बसलेल्या मिगेल रोहासने नवव्या डावात होमरन मारून बरोबरी साधली. फलंदाजी ढेपाळल्यामुळे वगळलेल्या अँडी पाहेसला रॉबर्ट्‌सने त्याच डावात क्षेत्ररक्षणासाठी उतरवले, आणि त्याने झेल घेऊन निश्चित वाटणारा पराभव टाळला. डॉजर्स अकराव्या डावात ५-४ ने जिंकले.

त्यात दैवाचा वाटा होताच. पण रॉबर्ट्‌सच्या बाकावरची माणसे जागी होती. बाकावर बसलेला माणूस शिल्लक राहिलेला नसतो, तो राखून ठेवलेला असतो, हा भेद स्वतः तिथे बसलेल्यालाच नीट कळत असावा.