व्हॅक्यूम क्लीनर मध्येच थांबतोय? बॅटरीआधी फिल्टर बघा

कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर सुरू होतो, दोन सेकंदांत थांबतो, पुन्हा सुरू होतो. 'बॅटरी गेली' म्हणत अनेक जण थेट नवाच मागवतात. पण असं धपापणं बहुतेकदा हवेची वाट तुंबल्याचं लक्षण असतं. मोटर तापू नये म्हणून मशीन स्वतःच थांबतं.

ओरोस परिसरातली तांबडी धूळ बारीक. ती फिल्टरच्या घड्यांत गच्च बसते. फिल्टर धुण्याजोगा असेल तर नुसत्या पाण्याने धुवा. माहितीपुस्तिकेत '२४ तास वाळवा' असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने कोकणातला जुलै पाहिलेला नसावा! इथे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. ओला फिल्टर बसवला तर कुबट वास येतो, मोटरमध्ये ओल जाते. म्हणून जोडीला दुसरा फिल्टर ठेवाच. चुलीवर, गॅसवर शेकवू नका. ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीने कापा, नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा.

एवढं करूनही फुल चार्जवर जेमतेम चार-पाच मिनिटं चालला, तर बॅटरी थकली असं समजा. केंद्राने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. माझ्या मते तेवढ्याने भागणार नाही, सुट्या बॅटरीची किंमत खोक्यावरच छापायला लावली पाहिजे. तोवर खरेदी करताना बॅटरी बटण दाबून निघते का, हे दुकानातच तपासा. जुनी बॅटरी घंटागाडीत नको. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तिची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी आहे.