सेवेची तारीख नाल्याला विचारा

शाळा-शिवार

आपल्या शाळांमध्ये 2 ऑक्टोबरला झाडू निघतात आणि दुपारच्या आत पुन्हा कपाटात जातात. मधल्या वेळात एक रॅली, एक शपथ आणि ओळीत उभ्या केलेल्या मुलांचा एक फोटो. तो वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की सेवा झाली. सप्टेंबरच्या मध्यापासून ‘स्वच्छता ही सेवा’ पंधरवडा, 24 सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) स्थापना दिन, 2 ते 8 ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. पोरांना कामाला लावणारे इतके दिवस दुसऱ्या कुठल्या ऋतूत एकापाठोपाठ येत नाहीत. आणि नेमकं याच दिवसांत नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या शिवारात एक काम असतं, ज्याची तारीख कुठल्याही परिपत्रकात छापता येत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे विदर्भातून परततात. पाऊस थांबतो, पण नाले लगेच आटत नाहीत. वावरांतून, बोड्यांतून (लहान तळ्यांतून), टेकाडांवरून झिरपलेलं पाणी आणखी काही आठवडे वाहत राहतं आणि वैनगंगेकडे निघून जातं. त्याच्यासमोर सिमेंटच्या नाहीतर खताच्या रिकाम्या बोऱ्यांत वाळू-मुरूम भरून आडवी भिंत रचायची, हा वनराई बंधारा. मोहन धारियांनी 1986 मध्ये वनराई संस्था काढली, तिच्यावरून हे नाव रुळलं. पंचायत समित्या आणि कृषी विभाग दर वर्षी या सुमारास बंधाऱ्यांची मोहीम काढतात, ग्रामपंचायतींना उद्दिष्ट देतात आणि श्रमदानाला माणसं कमी पडली की त्यांना शाळा आठवते.

माझी तक्रार शाळा आठवते याबद्दल नाही. ती उशिरा आठवते याबद्दल आहे. बंधारा फार लवकर घातला तर परतीच्या पावसाचा एक झपाटा त्याला पुरतो. उशीर केला तर अडवायला पाणी उरत नाही. मधली खिडकी जेमतेम दोन-तीन आठवड्यांची. त्याच दिवसांत आपण सहामाही परीक्षा घेतो, मग दिवाळीच्या सुट्या लागतात. अकरावी-बारावीच्या रासेयो शिबिरांचा हंगाम तर बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीचा. सात दिवसांचं निवासी शिबिर, सकाळी प्रभातफेरी, दुपारी बौद्धिक, आणि मध्ये श्रमदान म्हणून नाल्यावर बंधारा. तोवर त्या नाल्यात क्रिकेट खेळता येतं.

कोरड्या नाल्यात रचलेल्या बोऱ्यांचा फोटोही चांगला येतो, हीच अडचण आहे.

खरं तर हा बंधारा दिसतो तितका अडाणी नाही, आणि पोरांनी तो स्वतः चुकत-दुरुस्त करत घालावा एवढं शिकण्यासारखं त्यात आहे. जागा अशी हवी की नाला अरुंद, दोन्ही काठ घट्ट आणि वरच्या बाजूला उतार कमी. म्हणजे थोड्या उंचीत लांबवर पाणी थोपतं. बोरी ठासून भरायची नाही. पोट्टे नेमकी ठासूनच भरतात, कारण भरगच्च बोरी उचलण्यात मर्दुमकी वाटते. पण गच्च बोरी गोल होते, दोन गोल बोऱ्यांमध्ये फट राहते आणि फटीतून पाणी बोरीखालची वाळू नेतं. अर्ध्याहून थोडी जास्त भरून तोंड शिवलेली बोरी पसरट बसते. वरचा थर खालच्या सांध्यावर यायला हवा, विटांच्या बांधकामासारखा. पाण्याच्या अंगाला चिकणमातीचा लेप. माथा मधोमध थोडा खाली ठेवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी मधून उतरतं आणि काठ कापत नाही. हे शेवटचं जिथे विसरतात, तिथे बंधारा शाबूत राहतो आणि नाला त्याला वळसा घालून शेजारच्याचा धुरा खातो. मग श्रमदानाची परतफेड भांडणानं होते.

या पाण्याचा उपयोग कोणाला? ढोरांना प्यायला, काठच्या विहिरींना, हरभऱ्याला एखादं ओलित द्यायला, आणि भिवापूर म्हटल्यावर अर्थात मिरचीला. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं ओलित होत नाही. रोगराई, मजुरी आणि भावाचा लहरीपणा यांना कंटाळून कितीतरी शेतकरी मिरचीकडून सोयाबीन-कपाशीकडे गेले. बोऱ्यांच्या भिंतीनं ते परत येतील असं मी म्हणणार नाही. ज्याच्या वावराला नाला लागून आहे, त्याचे एक-दोन तोडे वाढले तरी मला पुष्कळ वाटतं.

आता ज्या प्रश्नाला सेवेवरची भाषणं हात लावत नाहीत, त्याच्याकडे येतो. भिवापूरच्या नववी-दहावीतल्या पोरांना श्रमाचं मोल शिकवायला निघालेले आपण कोण? ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी असते, मागोमाग कापूस वेचायला येतो, नागभीडच्या अंगाला धान कापणीला येतं. घरची माणसं वावरात असताना मागे घर सांभाळणारी, लहान भावाला शाळेत सोडणारी, स्वयंपाक उरकून प्रार्थनेला धापा टाकत पोचणारी मुलगी तुमच्या वर्गात बसलेली असते. मिरचीच्या हंगामात सुटीच्या दिवशी आईबरोबर मिरचीच्या सातऱ्यावर (देठ तोडायच्या आवारात) जाऊन देठ तोडणारीही तीच. हाताची आग रात्रभर जात नाही. या मुलीची हजेरी कमी भरते म्हणून आपण पालकांना बोलावतो. आणि शहरातला मुलगा तासभर झाडू मारतो, त्याला प्रमाणपत्र देतो.

म्हणून माझ्या मते सेवा म्हणून पोरांना कोणतंही काम देण्याआधी शाळेनं दोन गोष्टी तपासाव्यात. हे काम कोणाचं तरी पगारी काम तर नाही ना? बाजारचौक झाडणं हे नगरपंचायतीच्या सफाई कामगारांचं काम आहे. ते पोरांकडून फुकट करून घेतल्यानं गाव स्वच्छ होत नाही, फक्त कामगारांची रिकामी पदं झाकली जातात. झाडू कोणाच्या हातात द्यायचा याचा आपल्याकडचा इतिहास तर फारच वाईट आहे. गाडगेबाबांनी झाडू दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता, आधी स्वतःच्या हातात घेतला होता. गावात शिरल्यावर आधी सफाई, मग भाकर, मग रात्री कीर्तन, असा त्यांचा क्रम. आपण भाषणापासून सुरू करतो.

दुसरं असं की हे काम सगळ्यांचं आहे ना? नाला कोणा एकाचा नसतो. पाटलाच्या वावराला लागून बंधारा आणि ज्यांच्या वस्तीची विहीर आटते त्यांच्याकडे पाठ, असं होत असेल तर ती सेवा नाही, फुकटची मजुरी आहे. आणि हे पोरांना कळतं. जागा निवडताना त्यांनाच विचारा. कोणत्या मोहल्ल्यातल्या बाया मार्चमध्ये कुठून पाणी आणतात, हे त्यांच्याइतकं चोख तलाठ्यालाही ठाऊक नसतं.

याच ऋतूत, विजयादशमीच्या सुमारास, 1956 पासून नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसं जमतात. भिवापूर-उमरेडकडूनही जातात. तिथे पाणी वाटणारी, पत्रावळी उचलणारी, चुकलेल्या म्हाताऱ्या आजीला तिच्या गावच्या गाडीपर्यंत पोचवणारी पोरं मला नेहमी दिसतात. त्यांच्या पाठीमागे परिपत्रक नसतं. गर्दीला आत्ता काय लागतंय, एवढं पाहून ती पळत असतात. शाळेला हे शिकवता येणार नाही, पण त्याच्या आड न येणं जमू शकतं.

शाळेला जे शिकवता येतं, ते वेगळं आहे, आणि त्याचा उगमही आपल्या शेजारीच आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. झाकीर हुसेन समिती तिथूनच नेमली गेली आणि नयी तालीमचा आराखडा तयार झाला. टकळी आणि चरख्यामुळे त्या कल्पनेची पुढे थट्टा झाली, काही अंशी ती योग्यही होती. पण तिचा गाभा एवढाच होता की काम हा धड्यानंतरचा तास नव्हे. कामातूनच गणित, विज्ञान, भूगोल यावा. उलट राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली, तेव्हा सेवा अभ्यासाच्या शेजारी जाऊन बसली. वर्षाला 120 तास. योजनेनं पुष्कळ चांगली माणसं घडवली, हे मी आनंदानं मान्य करतो. तरी तास मोजण्याची सवय तिथूनच लागली असा माझा संशय आहे. तास भरले, पाणी किती अडलं?

हा प्रश्न नववीचा वर्ग सोडवू शकतो. नाल्याच्या सरळ भागात दहा मीटर अंतर मोजा, वाळकी काडी सोडा, किती सेकंदांत पोचते पहा. रुंदी आणि खोली मोजली की सेकंदाला किती लिटर पाणी जातंय याचा ढोबळ अंदाज येतो. काडी पृष्ठभागावरून जाते, तळाचं पाणी हळू चालतं, म्हणून उत्तर थोडं कमी धरायचं; तेवढी भौतिकी पोरांना झेपते. मग काठच्या चार-पाच विहिरींमध्ये दोर सोडून पाणी किती खोल आहे ते लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. शाळेनं तेच महिने धरावेत. बालभारतीनं नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा श्रेणीचा विषय आणला आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याची वही मार्चमध्ये एका रात्रीत एकमेकांची पाहून भरली जाते. ती वही विहिरीच्या काठावर भरली तर तिच्यातला आकडा निदान खरा असेल.

काही मुख्याध्यापक म्हणतील, परीक्षेचं काय? परीक्षा आठवडाभर पुढे-मागे करता येते. नाल्याला कोणी मुदतवाढ देत नाही. ही सवलत तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पावसाकडे पाहून द्यावी, जिल्ह्यानं किंवा मुंबईनं ठरवू नये.

जोखीम आहे, ती लपवायला नको. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य भिवापूर तालुक्यापर्यंत येतं. जंगलाला लागून असलेल्या नाल्यावर भल्या पहाटे किंवा संध्याकाळी पोरं न्यायची नाहीत. आधी वनरक्षकाला विचारायचं, मग जागा ठरवायची. वन्यजीव सप्ताहात वाघाचे मुखवटे घालून रॅली काढण्यापेक्षा हे विचारणं जास्त उपयोगाचं. दुसरी गोष्ट वाघापेक्षा लहान आणि जास्त जवळची. पावसाळा संपताना वाढलेल्या गवतात-झुडपांत स्क्रब टायफस पसरवणाऱ्या माइटच्या बारीक अळ्या असतात. 2018 मध्ये याच दिवसांत नागपूर भागात या तापानं बळी घेतले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलपँट, बूट, घरी गेल्यावर कपडे उकळत्या पाण्यात आणि अंगाला आंघोळ. आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला ‘नाल्यावर गेलो होतो’ हे सांगायचं. विळ्यानं गवत कापण्याचं काम मोठ्या माणसांचं, पोरांचं नव्हे. आणि पालकांची लेखी संमती हवी, तीही आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर अंगठा मागून घेतलेली नको.

एक काम उरतं, त्यावर बहुतेक मोहिमा गप्प असतात. या बोऱ्या प्लॅस्टिकच्या असतात. सहा-सात महिने उन्हात राहिल्या की त्यांचे धागे सुटतात, मृगाचा पहिला पूर बंधारा फोडतो आणि ते तुकडे वावरांत, बोड्यांत, पुढे वैनगंगेत जातात. पाणी अडवायला गेलो आणि प्लॅस्टिक पेरून आलो, असा हा हिशेब. त्यामुळे नाला कोरडा पडल्यावर, एप्रिलच्या शेवटी एका सकाळी उन्हं चढायच्या आत बोऱ्या मोकळ्या करून परत आणायच्या, धड असतील त्या पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या.

म्हणूनच ही तुकडी नववीची हवी. दहावीची पोरं मार्चमध्ये परीक्षा देऊन निघून जातात, त्यांना एप्रिलमध्ये नाल्यावर बोलावणार कोण? नववीची असली तर तीच पोरं पुढच्या ऑक्टोबरला दहावीत असतील, विहिरींच्या नोंदींची वही त्यांच्याकडे असेल, आणि नव्या नववीला बोरी किती भरायची हे सरांना सांगावं लागणार नाही. ग्रामपंचायतींनी रिकाम्या बोऱ्यांची सोय आत्ताच करून ठेवावी. खताचा हंगाम संपला आहे, त्या घराघरांत पडून आहेत.

— शिवारकर