दिवटीच्या उजेडाचा फोटो

मंडळी, आज थोडा राग काढणार आहे, सांभाळून घ्या.

लग्नसराई आली की आमच्या मराठवाड्यात लग्नामागोमाग गोंधळ आलाच. लातूरकडच्यांना तुळजापूरची भवानी जवळची, नांदेडकडच्यांना माहूरची रेणुका. गोंधळ्यांतही कदमराई भवानीचे, रेणुराई रेणुकेचे. देवी कोणतीही असो, पाच उसांखाली चौक, कलश, संबळ, तुणतुणं आणि पेटती दिवटी हवीच. दिवटी ही सजावट नव्हे. तिच्या साक्षीनं देवीला बोलावायचं असतं.

गेल्या वर्षी लातूरला नात्यातल्या एका घरी गोंधळ होता. व्हिडिओवाल्यानं अंगणात दोन पांढरेफटक एलईडी उभे केले. दिवटी पेटली आहे हेसुद्धा कळेना. कथा रंगात आली तेव्हा त्यानं नायकाला थांबवलं आणि दिवटी पुन्हा वर धरायला लावली. नवरा-नवरी चौकाकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे बघत होती. मी विचारलं, तर उत्तर आलं, "काका, अंधारात लेन्स चालत नाही."

चालते! मास्तरकीची सवय, म्हणून गणितच मांडतो.

कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळणारी १८-५५ची लेन्स घ्या. ५५वर झूम केलं की तिचं तोंड एफ ५.६पर्यंतच उघडतं, १८वर एफ ३.५पर्यंत. म्हणजे झूम न करता सुमारे अडीच पट उजेड आत येतो. तेव्हा चौक मांडायच्या आधीच पुढच्या सतरंजीवर जागा धरायची आणि तिथून हलायचं नाही. कोणाकडून ५०ची एफ १.८ लेन्स उसनी मिळाली, तर ५.६च्या नऊ-दहा पट उजेड. ही लेन्स स्वस्तातली असते. स्टॅनली कुब्रिकनं १९७५च्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले, त्यासाठी नासाकरता बनलेली झाइसची एफ ०.७ लेन्स वापरली. ती आपल्या ऐपतीबाहेरची. पण उजेड आहे तसाच ठेवायचा हा त्याचा हट्ट मात्र फुकट घेता येतो.

बाकी युक्त्या साध्या आहेत. आयएसओ ३२०० ठेवा, फोटोत दाणे आले तर येऊ द्या. शटर १/३०च्या आसपास, कोपर गुडघ्यावर टेकवून. नायक गाणं थांबवून बोलायला लागतो, साथीदार हुंकार देतो, त्या क्षणी बटण दाबा, चेहरा स्थिर मिळतो. संबळावरचे हात हलले तर हलू द्या, ते हलतच असतात. कॅमेरा काळोखाला राखाडी करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर एक पायरी खाली आणा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, नाहीतर ज्योतीचा पिवळेपणा धुऊन निघेल. फ्लॅश बंद. फोकससाठी कॅमेऱ्याचा छोटा दिवा लागतो, तोही बंद.

एवढं करूनही शंभरातले पाच-सहाच फोटो बरे येतील. मला ते पुरेसे वाटतात. कोपऱ्यातल्या आजीचा अर्धा चेहरा उजळलेला आणि मागे नुसता काळोख, असा एक फोटो शंभर चकचकीत फोटोंना भारी आहे. कारण ती रात्र तशीच होती. लख्ख उजेडातला गोंधळ पाहून नातवंडांना वाटेल की तो एखाद्या मंगल कार्यालयातला कार्यक्रम होता. रात्रभर चालणारा गोंधळ आधीच दोन-तीन तासांवर आला आहे. निदान त्या तासांचा फोटो तरी खरा असावा.

ज्यांना हे पटत नाही ते म्हणतील, पैसे मोजलेत तर चेहरे दिसायला नकोत का? दिसावेत की! त्यासाठी लग्नाचा अख्खा दिवस आहे, स्टेज आहे, हवे तेवढे दिवे लावा. गोंधळात मात्र गोंधळ्याला थांबवायचा हक्क कॅमेऱ्याला नाही. तिथं यजमान देवीला बोलावतो, फोटोग्राफर सतरंजीवरच्या चारचौघांतला एक.

असो. आपल्या घरात यंदा कार्य असेल, तर फोटोवाल्याला सुपारी देतानाच हे सांगून ठेवा. ऐन वेळी सांगितलेलं कोणी ऐकत नाही, हा माझा वर्गातला जुना अनुभव आहे.